‘गेट’चे अर्थ पाठ करू नका, त्याच्या पुढे काय येतं ते बघा

प्रश्न इंदूरच्या एका आईचा आहे. मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळा हिंदी माध्यमाची, घरी मराठी, आणि आता नोकरीच्या मुलाखती इंग्रजीतून द्यायच्या आहेत. डिक्शनरीत ‘गेट’ या एका क्रियापदाखाली कित्येक अर्थ दिलेले पाहून ती गांगरली. यातले कोणते अर्थ पाठ करायचे, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, एकही पाठ करायला सांगू नका. या शब्दाचा अर्थ त्याच्या स्वतःमध्ये फार थोडा असतो. त्याच्या लगेच पुढे काय आलं आहे यावरून तो ठरतो. पुढे वस्तू आली की एक अर्थ, विशेषण आलं की दुसरा, जागा आली की तिसरा, माणूस आणि ‘टु’ आलं की चौथा. एवढं बघायची सवय लागली की डिक्शनरीतली ती लांबलचक यादी पाच-सहा साच्यांवर येते, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक साच्याला मराठीत एक स्वतंत्र, नेमकं क्रियापद आधीच आहे. मराठी येणाऱ्या मुलीला हा मोठाच फायदा आहे.

आधी उच्चाराचं सांगून टाकतो, कारण देवनागरीत घोटाळा होतो. दरवाजा या अर्थाचा ‘गेट’ लांब आणि शेवटी ‘इ’कडे झुकणारा असतो, ‘गेइट’सारखा. आपल्या क्रियापदातला ‘ए’ आखूड, तोंडातल्या तोंडात तुटणारा. इथे सगळीकडे हा दुसराच समजावा. भूतकाळ ‘गॉट’. थर्ड फॉर्म ब्रिटिश इंग्रजीत ‘गॉट’ आणि अमेरिकन इंग्रजीत बहुतेकदा ‘गॉटन’.

शब्द मूळचा जुन्या नॉर्स भाषेतला, स्कँडिनेव्हियातून इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांचा. तिकडे ‘गेटा’ म्हणजे मिळवणं. ‘फर्गेट’मध्ये दिसतो तो त्याचाच जुन्या इंग्रजीतला भाऊबंद. मिळवण्यापासून सुरू होऊन तो एखाद्या ठिकाणी, मग एखाद्या अवस्थेला पोहोचण्यापर्यंत पसरला. सगळ्या अर्थांत एक गोष्ट मात्र टिकून राहिली, ती म्हणजे बदल. आधी नव्हतं, आता आहे. आधी इथे होतो, आता तिथे आहे. जिथे बदल नाही, नुसती स्थिती आहे, तिथे ‘बी’ किंवा ‘हॅव’ लागतं. अपवाद एकच, ‘हॅव गॉट’, त्याच्याकडे पुढे येतो.

पुढे वस्तू आली, म्हणजे नाम आलं, तर ‘मिळणं’ किंवा ‘आणणं’. ‘आय गॉट युअर मेसेज’, तुझा निरोप मिळाला. ‘व्हेअर डिड यू गेट धिस बॅग?’, ही पिशवी कुठून घेतलीस? दोन नामं आली तर दुसऱ्यासाठी आणणं: ‘कॅन यू गेट मी सम वॉटर?’, मला जरा पाणी आणून देशील? फोन वाजतो आहे आणि कुणी म्हणालं ‘आय विल गेट इट’, तर ‘मी घेतो’. आजाराचंही इथेच येतं: ‘आय गॉट अ कोल्ड’.

इथे होणारी मोठी चूक मराठी-हिंदीच्या रचनेतून येते. ‘मला नोकरी मिळाली’ यात मराठी क्रियापद नोकरीशी जुळतं. इंग्रजीत घेणारा माणूसच कर्ता व्हायला लागतो. त्यामुळे ‘हे पुस्तक खजूरी बाजारात मिळतं’ याचं ‘धिस बुक गेट्स इन खजूरी बाजार’ किंवा ‘इज गेटिंग’ असं होऊच शकत नाही. पुस्तकाला काही मिळत नाही, माणसाला मिळतं. म्हणून ‘यू कॅन गेट धिस बुक इन खजूरी बाजार’, नाही तर ‘धिस बुक इज अव्हेलेबल इन खजूरी बाजार’. इंग्रजी वाक्याचा कर्ता वस्तू असेल तर ‘अव्हेलेबल’, माणूस असेल तर ‘गेट’. हे एक वाक्य तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं.

समजणं हाही मिळण्याचाच प्रकार. ‘आय गेट इट’ किंवा ‘गॉट इट’ म्हणजे समजलं. आपल्याकडे वर्गात सर्रास ‘आर यू गेटिंग माय पॉइंट?’ विचारतात. हिंदीतल्या ‘समझ रहे हो?’ची ती नक्कल आहे. ‘डू यू गेट माय पॉइंट?’ किंवा ‘डू यू सी व्हॉट आय मीन?’ म्हणावं. मुलाखत घेणाऱ्याला मात्र यातलं काहीच विचारू नये, उद्धट वाटतं.

पुढे विशेषण आलं की ‘होणं’. ‘इट इज गेटिंग डार्क’, अंधार पडतोय. ‘शी गॉट अँग्री’, ती रागावली. ‘द टी इज गेटिंग कोल्ड’, चहा गार होतोय. मराठीत यासाठी कधी ‘होणं’, कधी ‘पडणं’, कधी ‘येणं’ तर कधी ‘थकणं’, ‘रागावणं’ अशी स्वतंत्र क्रियापदं आहेत. इंग्रजी बोलण्यात बहुतेक ठिकाणी एकटं ‘गेट’ भागवून नेतं.

‘बी’शी फरक इथे नीट पकडावा. ‘आय वॉज टायर्ड’ म्हणजे मी थकलेली होते, ‘आय गॉट टायर्ड’ म्हणजे मी थकले. ‘दे गॉट मॅरिड इन 2012’, लग्न 2012 साली झालं. ‘दे हॅव बीन मॅरिड फॉर टेन इयर्स’, लग्नाला दहा वर्षं झाली. दुसऱ्या वाक्यात ‘गॉट’ घातलं तर दहा वर्षं लग्नविधी चालू आहे असं होईल. आणि ‘मॅरिड’पुढे ‘टु’ येतं, ‘विथ’ नाही.

विशेषणाच्या जागी नाम आलं तर अर्थ उलटतो. ‘माझा भाऊ डॉक्टर झाला’ हे ‘माय ब्रदर बिकेम अ डॉक्टर’. ‘माय ब्रदर गॉट अ डॉक्टर’ म्हणजे भावाने डॉक्टर शोधून आणला. ‘गेट’पुढे नाम म्हणजे मिळणं, हा पहिला साचा इथे आपोआप लागू होतो. काही विशेषणांनी स्वतःचं क्रियापद धरून ठेवलं आहे, त्यांना ‘गेट’ शोभत नाही: दूध ‘गोज बॅड’, माणूस ‘गोज बाल्ड’ किंवा ‘गोज ब्लाइंड’, पानं ‘टर्न यलो’. ही थोडी आहेत, ती वापरातून बसतात.

‘आय एम गेटिंग लेट’ हे इंदुरात रोज कानावर पडतं. ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस ‘इट इज गेटिंग लेट’ म्हणतो, तेव्हा रात्र बरीच झाली असा अर्थ असतो. स्वतःला उशीर होत असेल तर ‘आय एम रनिंग लेट’ किंवा ‘आय एम गोइंग टु बी लेट’. ‘आय एम गेटिंग बोअर’ तर दोन्हीकडे चूक, तिथे ‘बोअर्ड’ हवं. नुसतं ‘बोअर’ म्हणजे दुसऱ्याला कंटाळा आणणारा माणूस.

जागा आली की ‘पोहोचणं’, आणि इथे ‘टु’ लागतं: ‘वी गॉट टु उज्जैन बाय नून’. पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी ‘टु’ लागत नाही: ‘आय गॉट होम ॲट नाइन’. ‘रीच’चं याच्या उलट, त्याला जागेआधी कधीच ‘टु’ लागत नाही. ‘आय रीच्ड टु राजवाडा’ ही चूक होते ती बहुधा या दोघांची सरमिसळ झाल्यामुळे.

वाहनांत चढण्या-उतरण्याला सोपी खूण आहे. ज्यात उभं राहून चालता येतं, त्याला ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’: बस, ट्रेन, विमान. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं, त्याला ‘गेट इन’ किंवा ‘गेट इंटू’ आणि ‘गेट आउट ऑफ’: कार, टॅक्सी, रिक्षा. ज्यावर टांग टाकून बसतात त्याला पुन्हा ‘ऑन’: स्कूटर, सायकल, घोडा. सरवटे बसस्थानकावर उतरणं म्हणजे ‘गेट ऑफ ॲट सरवटे’. आपल्याकडचं ‘गेट डाउन’ भारतात समजतं, पण बाहेर ‘गेट डाउन’ म्हणजे झाडावरून, भिंतीवरून खाली ये, किंवा धोका आहे, खाली वाक. विदेशी ग्राहकांशी बोलायची नोकरी असेल तर ‘ऑफ’ची सवय आधीच करावी.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो भाग, आणि नेमका इथेच मराठीचा उपयोग सगळ्यात जास्त आहे. एखादं काम स्वतः करणं आणि दुसऱ्याकडून करवून घेणं हा भेद मराठीला स्पष्ट कळतो, पण बोलताना आपण तो गाळतो. ‘मी केस कापले’, ‘मी स्कूटर दुरुस्त केली’, असं आपण सहज म्हणतो. कापणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हटलं की कात्री तुमच्याच हातात होती. म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’, ‘आय गॉट माय स्कूटर रिपेअर्ड’. साचा असा: गेट, मग वस्तू, मग थर्ड फॉर्म. वस्तू मध्येच यायला हवी. ‘आय गॉट रिपेअर्ड माय स्कूटर’ हा क्रम चुकीचा, आणि मुलं हटकून तोच लावतात, कारण ‘करवून घेतली’ हे दोन शब्द त्यांच्या डोक्यात जोडीने असतात आणि ती जोडी तोडवत नाही. सरावासाठी घरातली खरी कामं घ्यावीत: आधार अपडेट करून घेणं, मार्कशीटच्या झेरॉक्स काढून घेणं, ब्लाउज शिवून घेणं, गॅसची शेगडी साफ करून घेणं. ‘आय गॉट माय मार्कशीट फोटोकॉपीड’, ‘आय गॉट अ ब्लाउज स्टिच्ड’. अशी वीस वाक्यं मोठ्याने म्हटली की क्रम जिभेवर बसतो. ‘झेरॉक्स’ भारताबाहेर सगळ्यांना कळेलच असं नाही, म्हणून ‘फोटोकॉपी’.

याच साच्याचा ‘आय विल गेट इट डन’ हा मुलाखतीत उपयोगी प्रकार. यात काम दुसऱ्याकडून होईल असंच नाही, स्वतः करूनही चालतं. जोर काम पार पडण्यावर आहे: ‘करून टाकते’, ‘संपवते’.

माणूस मध्ये आला आणि पुढे ‘टु’सह क्रियापद आलं, तर ‘करायला लावणं’: ‘आय गॉट हिम टु साइन’. इथे मराठीचं ‘लावणं’ जरा जास्त मोठं आहे. धमकावून सही करायला लावली तरी ‘लावली’ आणि चार वेळा घरी जाऊन समजावून लावली तरी ‘लावली’च. इंग्रजीत हे वेगळं करावं लागतं. जबरदस्ती असेल तर ‘आय मेड हिम साइन’. आपल्या अधिकारात सांगून करवलं असेल तर ‘आय हॅड हिम साइन’. मन वळवून, गळ घालून, युक्तीने करवलं असेल तर ‘आय गॉट हिम टु साइन’. तिघांत ‘टु’ फक्त ‘गेट’ला लागतं. ‘मेड हिम टु साइन’ ही चूक चांगल्या इंग्रजीवाल्यांच्या तोंडीही असते. ती सुटत नाही, कारण पॅसिव्हमध्ये ‘ही वॉज मेड टु साइन’ असं ‘टु’ खरोखरच येतं आणि कानाला ते ओळखीचं झालेलं असतं. टीमकडून काम कसं करवून घ्याल, या प्रश्नाला मुलीने ‘मेक’ वापरलं तर ती दमदाटी करणारी वाटेल. तिथे ‘गेट’ हवं.

माणूस मध्ये न येता थेट ‘टु’ आणि क्रियापद आलं, तर मराठीत हुबेहूब रचना आहे: ‘करायला मिळणं’. ‘आय गॉट टु मीट द डायरेक्टर’, मला डायरेक्टरना भेटायला मिळालं. आता याच्याआधी ‘हॅव’ लावून बघा: ‘आय हॅव गॉट टु मीट द डायरेक्टर’, मला डायरेक्टरना भेटलंच पाहिजे. संधीची सक्ती झाली. बोलताना ते ‘हॅव’ आखडून नुसता ‘व्ह’ उरतो, कधी तोही ऐकू येत नाही. मग संदर्भावरून ओळखायचं: गोष्ट होऊन गेलेली असेल तर संधी, व्हायची असेल तर सक्ती. ‘हॅव गॉट टु’चा भूतकाळ मात्र ‘गॉट’ने होत नाही. ‘मला थांबावं लागलं’ म्हणजे ‘आय हॅड टु वेट’.

‘हॅव गॉट’पुढे नुसतं नाम आलं तर जवळ असणं: ‘आय हॅव गॉट टू सिस्टर्स’, मला दोन बहिणी आहेत. बदल नसलेला अपवाद म्हटला तो हाच. ‘आय हॅव टू सिस्टर्स’ म्हटलं तरी तेच, आणि मुलाखतीत तेच म्हणावं.

‘आय गॉट टु नो’चा वेगळा उल्लेख करायला हवा. ‘मला या जागेबद्दल कळलं’ याचं ‘आय गॉट टु नो अबाउट धिस व्हेकन्सी’ असं भाषांतर इंदूर-भोपाळकडच्या मुलाखतींत फार होतं. एका क्षणात कळलं त्याला ‘आय हर्ड अबाउट’ किंवा ‘आय फाउंड आउट’. ‘गेट टु नो’ हे हळूहळू ओळख वाढण्याला: ‘आय गॉट टु नो माय टीममेट्स ड्युरिंग द इंटर्नशिप’.

शेवटचा मोठा साचा, ‘गेट’पुढे सरळ थर्ड फॉर्म. कुणीतरी आपल्याला काही केलं: ‘शी गॉट सिलेक्टेड’, ‘ही गॉट ट्रान्सफर्ड टु ग्वाल्हेर’, ‘वी गॉट स्टक नियर पलासिया’. हे बरोबर आहे. याच वजनावर लोक ‘आय गॉट पास्ड’, ‘ही गॉट फेल्ड’, ‘आय गॉट ग्रॅज्युएटेड’ म्हणतात, ते चूक. हिंदीतलं ‘पास हो गया’ आणि मराठीतलं ‘पास झालो’ यांतलं ‘होणं’ ‘गॉट’च्या रूपाने घुसतं. इंदूरच्या मराठीला दोन्ही बाजूंनी हा रेटा असतो, म्हणून इथे ही चूक पुण्या-मुंबईपेक्षा पक्की बसलेली दिसते. ओळखायला एक प्रश्न पुरतो: हे दुसऱ्या कुणी केलं की मी केलं? सिलेक्ट कंपनीने केलं, बदली ऑफिसने केली, तिथे ‘गॉट’. पास मी झाले, ग्रॅज्युएशन मी पूर्ण केलं, तिथे साधा भूतकाळ: ‘आय पास्ड’, ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम देवी अहिल्या विश्वविद्यालय’. मुलाखतीचं पहिलं उत्तर, स्वतःची ओळख, याच वाक्याने सुरू होतं, म्हणून ते आधी दुरुस्त करावं.

‘द क्लास गॉट ओव्हर’ही तसंच. ‘द क्लास इज ओव्हर’ किंवा ‘द क्लास एंडेड’ म्हणावं. ‘गेट ओव्हर’ला वेगळा अर्थ आहे, आजारातून किंवा दुःखातून सावरणं: ‘शी गॉट ओव्हर हर फीव्हर’.

यावरून शेपट्या लागलेल्या रूपांकडे येऊ. ही खूप आहेत आणि सगळी आत्ता नकोत. ‘वेक अप’ म्हणजे जाग येणं, ‘गेट अप’ म्हणजे अंथरुणातून उठणं. दोहोंत अर्धा तास जाऊ शकतो. ‘गेट अलाँग विथ’ म्हणजे पटणं, जमणं. ‘गेट बाय’ म्हणजे कसंबसं भागवणं. ‘गेट अवे विथ’ म्हणजे चूक करूनही सुटणं. नोकरीच्या पत्रव्यवहारात रोज लागतं ते ‘गेट बॅक टु’: ‘आय विल गेट बॅक टु यू बाय मंडे’, सोमवारपर्यंत कळवते. यात ‘टु’ विसरू नये, आणि ‘रिव्हर्ट’ वापरू नये. भारताबाहेर बऱ्याच ठिकाणी ‘रिव्हर्ट’चा अर्थ पूर्वस्थितीला जाणं असाच घेतात.

लिहिताना काय करायचं? शाळेत ‘गेट’ हा हलका शब्द म्हणून लाल शाईने कापतात, आणि मग मुलं बोलतानाही ‘आय रिसीव्ह्ड अ कोल्ड’, ‘आय ऑब्टेन्ड वॉटर’ असं बोलायला लागतात. बोलण्यात ‘गेट’ अगदी शुद्ध आहे. अर्जात, औपचारिक मेलमध्ये आणि प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मात्र ते बदलावं. वस्तू असेल तर ‘रिसीव्ह’ किंवा ‘ऑब्टेन’, विशेषण असेल तर ‘बिकम’, जागा असेल तर ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’, थर्ड फॉर्म असेल तर साधं ‘बी’. विश्वविद्यालयाला अर्ज करताना ‘आय हॅव नॉट रिसीव्ह्ड माय मार्कशीट’, मैत्रिणीला सांगताना ‘आय स्टिल हॅव नॉट गॉट माय मार्कशीट’. दोन्ही बरोबर, फक्त जागा वेगळी.

सराव असा करावा. चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत ‘गेट’च्या पानावर अर्थांचे आकडे न वाचता ठळक छापलेले साचे वाचावेत, ‘गेट समथिंग डन’, ‘गेट समबडी टु डू’ असे. मग एखादी इंग्रजी मुलाखत किंवा पॉडकास्ट ऐकताना रोज पाच ‘गेट’ वहीत उतरवावेत आणि प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहाव्यात: लगेच पुढे काय आलं, आणि मराठीत कोणतं क्रियापद बसलं. मराठी रकान्यात मिळणं, आणणं, होणं, पोहोचणं, करवून घेणं, करायला लावणं, करायला मिळणं एवढीच फिरून फिरून येताना दिसतील. महिनाभराने उलटं करावं: मराठी रकाना बघून इंग्रजी वाक्य म्हणावं. जिथे अडखळेल तो साचा बहुतेकदा ‘करवून घेणं’ किंवा ‘करायला लावणं’ असेल, तेव्हा वह्यांची जास्त पानं सुरुवातीपासूनच त्या दोहोंसाठी राखून ठेवा.